कासवासाठी पैसे भरून रात्रपाळी

पैसे घेऊन काम करणारी माणसं आपण रोज बघतो. पैसे न घेता काम करणारीही ओळखीची असतात, गणपतीच्या मांडवात आणि सोसायटीच्या कमिटीत भेटतात. पण स्वतः पैसे भरून, वर विमानाचं तिकीट काढून, परक्या देशात जाऊन रात्र रात्र वाळू तुडवणारी माणसं तुम्ही पाहिली आहेत का? अशी हजारो माणसं दरवर्षी कोस्टा रिका, ग्रीस, मादागास्करसारख्या देशांत जातात. समुद्री कासवांची अंडी मोजतात, प्रवाळ तपासतात, किनाऱ्यावर पहारा देतात. आणि त्या कामाची फीसुद्धा भरतात.

तुम्ही म्हणाल, वेडीच की! मलाही असंच वाटलं होतं. पण गेल्या वर्षी मला या विषयावर लिहायचं काम मिळालं आणि मी त्या फीच्या मागे लागले.

आधी माझी ओळख. मी कंटेंट रायटर आहे. इंदूरमध्ये वाढले, बीए इंग्लिश केलं, आता बंगळुरूत राहते. गाद्या, क्रेडिट कार्ड, केसांचं तेल, जे येईल त्यावर लिहिते. गेल्या वर्षी एका परदेशी ट्रॅव्हल एजन्सीचं फ्रीलान्स काम आलं. 'व्हॉलंटिअर ट्रिप्स'साठी वेबसाइटची बारा पानं लिहायची होती. समुद्र, कासवाची पिल्लं, हसणारी तरुण मुलं असे फोटो आधीच तयार होते. आणि एक वाक्य प्रत्येक पानावर हवंच होतं: तुमच्या फीतला प्रत्येक डॉलर कासवांपर्यंत पोहोचतो.

मी साधा प्रश्न विचारला. पोहोचतो म्हणजे कसा? किती एजन्सीकडे राहतो, किती किनाऱ्यावर जातो? उत्तर म्हणून मला एक गोल रंगीत चार्ट आला. त्यात निळा भाग होता, हिरवा भाग होता, नारिंगी भाग होता. आकडा एकही नव्हता. मी ते वाक्य काढून पानं पाठवली, त्यांनी ते परत घातलं. माझं बिल मात्र वेळेवर दिलं, हे सांगायला हवं. तेव्हापासून हा विषय काही डोक्यातून जाईना.

आता थोडं त्या किनाऱ्यावर जाऊ या.

माझी कॉलेजची एक मैत्रीण दोन वर्षांपूर्वी कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तीन आठवडे राहून आली. हा मध्य अमेरिकेतला छोटासा देश, एका बाजूला पॅसिफिक महासागर आणि दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्र. तिने आठवड्याला साधारण तीनशे डॉलर भरले होते. त्यात काय मिळालं? लाकडी खोलीत चार जणींत एक पलंग, मच्छरदाणी, तीन वेळा भात आणि काळ्या घेवड्याची उसळ, आणि रात्री आठ ते बारा किंवा बारा ते चार अशी गस्त.

गस्तीला गडद कपडे घालायचे. टॉर्च लावायचा नाही, फार तर लाल दिवा, कारण पांढऱ्या उजेडाने कासविणी बिचकून परत समुद्रात जातात. अंगाला सेंट नाही, डास मारायचं मलम नाही, कारण अंड्यांना हात लावायचा असतो. पाऊस आला तरी चालत राहायचं. "पहिल्या चार रात्री आम्हाला एकही कासव दिसलं नाही, फक्त ओंडके दिसले, आणि प्रत्येक ओंडका कासवच वाटायचा," असं ती सांगते.

पाचव्या रात्री लेदरबॅक आली. हे जगातलं सगळ्यात मोठं कासव, तीनशे-चारशे किलोचं धूड. पाठीवर कठीण कवच नसतं, चामड्यासारखी कातडी असते. ती मागच्या पायांनी खड्डा खणते, आणि एकदा अंडी घालायला लागली की जणू तंद्रीत जाते, आजूबाजूचं तिला भान राहत नाही. त्या वेळात सगळं उरकायचं. एकाने पोटावर झोपून खड्ड्यात पिशवी धरायची, दुसऱ्याने टेपने पाठ मोजायची, तिसऱ्याने वहीत लिहायचं. मग ती अंडी कुंपण घातलेल्या हॅचरीत नेऊन, तेवढ्याच खोलीचा, सुरईच्या आकाराचा खड्डा करून पुरायची. पुढचे दोन महिने त्या कुंपणाशी कुणीतरी दिवसरात्र बसायचं, कारण कुत्री येतात, खेकडे येतात आणि माणसंही येतात.

या सगळ्यात माझ्या मैत्रिणीचं काम पिशवी धरायचं. खरं काम तिच्या पुढे चालणाऱ्या माणसाचं. पन्नाशीचा, त्याच गावातला, अंधारात नुसत्या वाळूच्या रेषेवरून कासव वर गेलंय की परत फिरलंय हे ओळखणारा. तो इतका पटाईत कसा? कारण तरुणपणी तो स्वतः अंडी काढून विकायचा.

तुमची फी जाते ती या माणसाकडे. म्हणजे जायला हवी.

समजा दहा व्हॉलंटिअर आहेत आणि प्रत्येकाने आठवड्याला तीनशे डॉलर भरले. झाले तीन हजार. त्यातून दहा जणांचं खाणंपिणं आणि राहणं, म्हणजे स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा पगार आणि गावातल्या किराणावाल्याचं बिल. मग गस्तीच्या प्रमुखांचे पगार, हॅचरीवर बसणाऱ्यांची पाळी, एक जीवशास्त्रज्ञ, कासवाला लावायचे धातूचे बिल्ले, बोटीचं डिझेल, सरकारी परवान्याची कागदपत्रं. बघता बघता तीन हजार संपतात. कासव स्वतः एक डॉलरही खात नाही. हा सगळा माणसांचा खर्च आहे, आणि मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही. उलट, कासवांपर्यंत पोहोचतो म्हणण्याऐवजी 'गस्त घालणाऱ्या माणसाच्या घरी पोहोचतो' असं लिहिलं असतं, तर मी ते वाक्य आनंदाने प्रत्येक पानावर घातलं असतं.

कासवांच्या कामाला बाहेरचे पैसे लागतात, ही गोष्ट नवी नाही. आर्ची कार नावाचे फ्लोरिडा विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ १९५० च्या दशकात कोस्टा रिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावर पोहोचले. तिथे हिरवी समुद्री कासवं अंडी घालायला येत आणि मांसासाठी, सूपसाठी पकडली जात. कार त्यांना बिल्ले लावू लागले. बिल्ल्यावर लिहिलेलं असायचं की हा परत पाठवणाऱ्याला पाच डॉलर बक्षीस. मग कॅरिबियनमधल्या कुठल्या कुठल्या कोळ्यांकडून बिल्ले परत येऊ लागले, आणि तोर्तुगेरोची कासवं कुठे कुठे फिरतात हे कळायला लागलं. मला ही गोष्ट फार आवडते. कोळ्याला कुणी उपदेश केला नाही, पाच डॉलर दिले.

कार यांचं 'द विंडवर्ड रोड' हे पुस्तक १९५६ मध्ये आलं. ते वाचून काही लोकांनी एकत्र येऊन मंडळ काढलं, आणि १९५९ मध्ये त्यातून संस्था उभी राहिली. तिचं आजचं नाव सी टर्टल कॉन्झर्वन्सी. तोर्तुगेरोला १९७५ मध्ये कायद्याने राष्ट्रीय उद्यान मिळालं. आज अटलांटिक भागातली हिरव्या कासवांची सगळ्यात मोठी वीण तिथे होते. गावातली माणसं, ज्यांच्या घरात पूर्वी कासवं धरली जायची, ती आज पर्यटकांना रात्री कासवं दाखवणारे परवानाधारक गाइड आहेत. आणि फी भरून आलेले स्वयंसेवक तिथल्या संशोधकांबरोबर आजही किनाऱ्यावर चालतात.

फी भरणाऱ्या व्हॉलंटिअरची पद्धत मोठी केली ती अर्थवॉच या संस्थेने. ती १९७१ मध्ये अमेरिकेत बोस्टनला सुरू झाली. कल्पना अगदी आपल्या भिशीसारखी. शास्त्रज्ञाला संशोधनासाठी पैसे हवेत आणि हात हवेत. सामान्य माणसाला ते संशोधन जवळून बघायचंय. मग खर्च त्या माणसांत वाटून घ्यायचा आणि हातही त्यांचेच वापरायचे. शिक्षक, निवृत्त बँक कर्मचारी, कॉलेजची मुलं, कुणीही जाऊ शकतं.

आता त्या अंड्यांकडे वळू, कारण खरा सामना तिथे आहे.

कोस्टा रिकाच्या लिमोन भागात कासवाच्या अंड्याला काळ्या बाजारात साधारण एक डॉलर मिळतो असं बातम्यांतून वाचायला मिळतं. त्याने मर्दानगी वाढते असा तिकडे समज आहे. (असे समज कुठल्या देशात नाहीत?) एका घरट्यात ऐंशी-शंभर अंडी. म्हणजे ज्याला खड्डा सापडला त्याची एका रात्रीची कमाई ऐंशी-शंभर डॉलर. आता याच माणसाला तुम्ही म्हणालात, 'बाबा रे, निसर्ग वाचव,' तर तो काय ऐकणार? त्याला महिन्याचा पगार हवा, किंवा त्याच्या बायकोने चालवलेल्या घरगुती खानावळीत माणसं हवीत.

पनामाच्या सीमेजवळ गांडोका नावाचं गाव आहे. तिथे लेदरबॅक येतात. व्हॉलंटिअर गावकऱ्यांच्या घरी राहायचे आणि राहण्या-जेवण्याचे पैसे त्या कुटुंबांना मिळायचे. जागतिक निसर्ग निधी, म्हणजे आपल्याला पांड्याच्या चिन्हामुळे माहीत असलेली डब्ल्यूडब्ल्यूएफ, हिने २००४ मध्ये जगभरातल्या अशा ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मांस, अंडी, कवच विकून जिथे कमाई होते आणि जिथे जिवंत कासव दाखवून कमाई होते, अशा दोन्हींची तुलना त्यात होती. जिवंत कासवाच्या ठिकाणी सरासरी उत्पन्न जवळजवळ तिप्पट निघालं. गांडोका त्याच अभ्यासातलं एक गाव.

या गांडोकात हायरो मोरा सांदोवाल नावाचा मुलगा वाढला. लहानपणापासून कासवांमध्येच रमलेला. मोठा झाल्यावर तो लिमोन शहराजवळच्या मोइन किनाऱ्यावर गस्तीचं काम करू लागला. हा किनारा धोक्याचा. बंदराजवळचा, अमली पदार्थांची ने-आण होणारा, आणि अंडी चोरणारे इथे बंदुका घेऊन फिरायचे. ३० मे २०१३ च्या रात्री हायरो चार परदेशी व्हॉलंटिअर मुलींबरोबर गस्तीवर होता. त्यांना हत्यारबंद माणसांनी अडवलं. मुली कशाबशा सुटल्या. हायरोचा मृतदेह दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर सापडला. तो २६ वर्षांचा होता.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद केला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली. मी त्याच वयाची आहे. माझी रात्रपाळी म्हणजे अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल.

२०१५ मध्ये आरोपी सुटले. पुन्हा खटला चालला आणि २०१६ मध्ये चौघांना शिक्षा झाली. पण मोइनच्या त्या गस्ती हायरोच्या खुनानंतर थांबल्या. व्हॉलंटिअर तिथे कसे पाठवणार? आणि व्हॉलंटिअर नाहीत तर पैसे नाहीत, पैसे नाहीत तर गस्तीची माणसं नाहीत. अंडी मात्र त्याच जागी. फीवर चालणाऱ्या कामाची ही सगळ्यात कच्ची बाजू आहे. ज्या किनाऱ्याला पहाऱ्याची गरज सगळ्यात जास्त, तिथेच फी भरून यायला कुणी तयार होत नाही. सुंदर, सुरक्षित, इंटरनेट असलेल्या किनाऱ्याला व्हॉलंटिअर भरपूर मिळतात.

दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मीही त्या एजन्सीसारखीच निळा-हिरवा चार्ट दाखवतेय असं होईल. कोस्टा रिकाच्या पॅसिफिक बाजूला प्लाया ग्रांदे नावाचा किनारा आहे. तिथे लेदरबॅकची मोठी वीण व्हायची. १९८८-८९ च्या हंगामात तिथे १,३६७ माद्या आल्या. दहा वर्षांनी, १९९८-९९ मध्ये, ११७. या काळात तिथे शास्त्रज्ञ होते, राष्ट्रीय उद्यान झालं होतं, अर्थवॉचचे व्हॉलंटिअर रात्री चालत होते. मग काय झालं? त्याआधीची कित्येक वर्षं अंडी उचलली गेली होती, त्यामुळे नवी पिढी आलीच नाही. आणि जी मोठी कासवं होती ती दूर समुद्रात मासेमारीच्या गळांत आणि जाळ्यांत अडकून मरत होती. किनाऱ्यावरचा पहारा समुद्रातल्या जाळ्याला कसा पुरणार?

मग फी वाया गेली का? माझं मत असं की नाही. १,३६७ आणि ११७ हे दोन आकडे आपल्याला माहीत आहेत तेच मुळी कुणीतरी दररोज रात्री उठून कासवं मोजली म्हणून. त्या आकड्यांच्या जोरावर शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं की पॅसिफिकमधलं लेदरबॅक संपत चाललंय. पण "तुम्ही आलात म्हणून कासवं वाचली" हे वाक्य तिथे लिहिता येणार नाही. ते 'तुम्ही आलात म्हणून मोजली गेली' एवढंच लिहिता येईल. आणि असल्या वाक्याने ट्रिप विकली जात नाही, हे माझ्या धंद्यातलं कुणीही सांगेल.

हिरव्या कासवांचं मात्र चांगलं झालंय. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये आययूसीएनने, म्हणजे कुठला प्राणी किती धोक्यात आहे याची लाल यादी ठेवणाऱ्या संस्थेने, हिरव्या कासवाला धोक्यातल्या गटातून काढून चिंता कमी असलेल्या गटात टाकलं. पन्नास-साठ वर्षांचा पहारा, शिकारीवरची बंदी, जाळ्यांतले बदल, असं बरंच काही त्यामागे आहे.

कासवांपासून थोडं बाजूला येऊन एक मादागास्करची गोष्ट सांगते, कारण मला ती सगळ्यात हुशार वाटते. तिथल्या नैऋत्य किनाऱ्यावर वेझो नावाचे कोळी लोक राहतात. ब्लू व्हेंचर्स नावाची ब्रिटिश संस्था २००३ च्या सुमारास तिथल्या आंदावादोआका गावात आली. सुरुवातीच्या काळात संस्थेचा मोठा आधार होता फी भरून येणारे व्हॉलंटिअर. ते पाण्याखाली जाऊन मासे आणि प्रवाळ मोजायचे. पण संस्थेचं नाव झालं ते वेगळ्याच कामासाठी. वेझो लोकांची कमाई ऑक्टोपसवर. ऑक्टोपस झपाट्याने वाढतो. २००४ मध्ये गावकऱ्यांबरोबर ठरवून समुद्राचा एक तुकडा काही महिने बंद ठेवला. बंदी उठली तेव्हा मोठमोठे ऑक्टोपस हाती लागले. शेजारच्या गावांनी हे पाहिलं आणि तेही आपापले तुकडे बंद ठेवू लागले. पुढे बऱ्याच गावांनी मिळून स्वतःचं सागरी संरक्षित क्षेत्रच केलं आणि त्याला नाव दिलं वेलोंद्रिआके.

आपल्याकडे श्रावणात, नारळी पौर्णिमेपर्यंत, कोळी होड्या समुद्रात घालत नाहीत. तसलंच काहीसं. फरक एवढाच की तिथे ते नव्याने सुरू करायला एका संस्थेला गावात वर्षानुवर्षं राहावं लागलं, आणि त्या राहण्याचा खर्च बराचसा इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांच्या फीतून निघाला. फोटोत पोरं प्रवाळ बघताना दिसतात. त्यांचे पैसे मात्र गावच्या बैठकींना, भाषा येणाऱ्या माणसांना, मोजमापांना लागले.

आणि हो, नको ते प्रकारही आहेत. काही ठिकाणी, आपल्या शेजारच्या श्रीलंकेच्या किनाऱ्यावरही, पिल्लं बाहेर आल्यावर लगेच समुद्रात न सोडता टाकीत ठेवतात, म्हणजे पर्यटकांना हातात घेता येतात. व्हॉलंटिअर पैसे भरून टाक्या धुतात. यावर शास्त्रज्ञांनी बरीच टीका केली आहे. पिल्लू अंड्यातून निघालं की पहिल्या दिवसात त्याच्या अंगात पोहण्याची जबरदस्त झिंग असते, पोटात राहिलेल्या बलकावर ते खोल समुद्र गाठतं. ती झिंग टाकीच्या भिंतीला धडका मारण्यात संपली तर पुढे काय? त्यामुळे जिथे 'पिल्लांना कधीही हातात घ्या' असं लिहिलेलं असेल, तिथून आपण पाय काढावा.

घरी हा विषय काढला तेव्हा बाबांचं म्हणणं सरळ होतं. बाबांचं स्टेशनरीचं दुकान आहे. "तिकिटाचे सव्वा लाख विमान कंपनीला देणार, त्यातलं कासवाला किती? त्यापेक्षा फीचे पैसे नुसते पाठवून दे." आणि हे बोलणं खोडता येत नाही. फीपेक्षा तिकीट महाग पडतं आणि विमानाचा धूर वेगळा. फक्त एक आहे, नुसते पाठवणारी माणसं फार कमी असतात. तीन आठवडे वाळूत चाललेलं माणूस मात्र पुढची दहा वर्षं पाठवत राहतं. माझी मैत्रीण अजून दर दिवाळीला पन्नास डॉलर पाठवते, त्या पिशवी धरलेल्या रात्रीच्या नावाने.

आईचा मुद्दा वेगळा होता. "वेळासला जा की! तिथे कासवंही आहेत आणि मोदकही."

तर आम्ही दोघी मार्चमध्ये गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातलं मंडणगड तालुक्यातलं वेळास, नाना फडणवीसांचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली आणि मग कासव महोत्सव सुरू झाला. सकाळी हॅचरीतल्या घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात, पिल्लं निघाली असली तर दोरीच्या पलीकडून आपण बघायचं. आम्हाला सात दिसली. त्यातलं एक सारखं उलटं फिरायचं, आई त्याला "अरे तिकडे, तिकडे" म्हणून ओरडत होती. हातात घेऊ देत नाहीत, ते बरंच.

राहायचं गावातल्याच घरात. आमच्या काकूंनी घावन करता करता सांगितलं, "पूर्वी ह्या दिवसांत घरात दोन म्हातारी माणसं असायची. आता कासवांच्या वेळी मुलगा-सून मुंबईहून येतात मदतीला. पाहुणे असतात ना." मी विचारलं, आधी अंड्यांचं काय करायचे? काकू हसल्या आणि तव्यावरचं घावन उलटलं. गांडोकात व्हॉलंटिअरच्या पैशांचं जे होत होतं तेच इथे पाहुण्यांच्या पैशांचं होतं. फक्त इथे फीला 'फी' म्हणत नाहीत, राहण्या-जेवण्याचे पैसे म्हणतात, आणि ते थेट काकूंच्या हातात जातात. मध्ये वेबसाइट नाही, बारा पानं नाहीत.

तुमच्या घरातल्या कुणी मुलाने किंवा मुलीने अशा परदेशी ट्रिपचा विषय काढला, तर लगेच नाही म्हणू नका आणि लगेच कार्डही स्वाइप करू नका. आधी मेल करा. मी कोस्टा रिकातल्या एका छोट्या प्रकल्पाला केली, एजन्सीला मध्ये न घेता. विचारलं की फीतून किती पगारांवर जातात, पगार घेणारे गावचे आहेत की बाहेरचे, जेवण कोण बनवतं, मोजलेले आकडे कुणाला देता, सरकारी परवाना आहे का, आणि पिल्लं किती वेळात समुद्रात सोडता. शेवटचा प्रश्न होता: व्हॉलंटिअर आलेच नाहीत तर काय करता?

चार दिवसांनी उत्तर आलं. साध्या, थोड्या अडखळत्या इंग्रजीत, चार्ट नव्हता, आकडे होते. अर्ध्याच्या वर पगार. पाच माणसं, पाचही गावची. जेवण एका घरातून, राहणं दुसऱ्या घरात, म्हणजे पैसे दोन घरांत वाटले जातात. पिल्लं निघाल्या रात्रीच सोडतात, फोटोसाठी थांबवत नाहीत, तुम्हाला दिसली नाहीत तर क्षमस्व. पावसाळी बूट आपले आपण आणावेत, कारण तिथे मोठ्या मापाचेच मिळतात.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लांब होतं. २०२० मध्ये देशाच्या सीमा बंद झाल्या तेव्हा ऐन हंगाम सुरू होता. एकही व्हॉलंटिअर आला नाही. पाचही जण दोन महिने बिनपगारी चालले. मग तिघे केळीच्या मळ्यात कामाला गेले, कारण घरात मुलं होती. उरलेले दोघे किनाऱ्याचा निम्माच भाग सांभाळू शकले. उरलेल्या निम्म्या भागात त्या वर्षी किती घरटी झाली, याचा त्यांच्या वहीत आकडाच नाही, ती पानं कोरी आहेत. केळीच्या मळ्यात गेलेल्यांपैकी दोघे परत आले. तिसऱ्याला तिथे पक्की नोकरी लागली.

मी जुलैतल्या तीन आठवड्यांसाठी नाव दिलंय. तिकीट अजून काढलेलं नाही, बूट घेतलेत.